मोबाईल घरोघरी आला. संगणक केव्हा येणार?

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. रात्रीची भांडी आवरून आमच्या शेजारच्या ताई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ताई चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी नुकतीच बारावी पास झालेली. ताई म्हणाल्या, "दादा, पोरीला नवा मोबाईल घेऊन द्यायचा विचार होता. दुकानदार हप्त्यावर देतोय. पण ती म्हणते मोबाईल नको, कम्प्युटर पाहिजे. आमचे हे म्हणतात, मोबाईलमध्येच सगळं असतं, मग कम्प्युटरचं खूळ कशाला? तुम्हीच सांगा, तुम्हाला त्यातलं कळतं."

वस्तीत आम्हाला 'कम्प्युटरवाले दादा' म्हणतात. आम्ही काही इंजिनिअर नव्हे. रेल्वेच्या कारखान्यात वायरमन म्हणून आयुष्य गेले. परंतु यंत्र उघडून त्याच्या पोटात काय आहे ते पाहण्याचे वेड लहानपणापासूनचे. आधी रेडिओ, मग टी.व्ही. आणि पुढे संगणक. या वेडापायी घरच्यांची बोलणी खाल्ली आणि दोन-चार वेळा विजेचा झटकाही! त्या रात्री ताईंना जे सांगितले तेच थोडे विस्ताराने येथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. आज घरोघरी तो विचारला जात आहे.

यंत्र शहरात होते, घरात नव्हते

आमच्या पिढीला संगणकाची पहिली ओळख झाली ती भीतीच्या रूपाने. 'हे यंत्र कामगाराच्या पोटावर पाय देणार' असे जो तो म्हणे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचारी संघटनांनी याच कारणाने संगणकाला कडाडून विरोध केला होता. ती भीती अगदीच खोटी नव्हती. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचे काम गेले, कचेऱ्यांतले टाईपरायटर अडगळीत गेले. पण त्याच वेळी नवी कामेही निघाली, आणि ती मिळाली कोणाला? ज्यांच्या मुलांचा हात संगणकावर आधी बसला त्यांना! ज्यांनी यंत्र नुसते दुरून पाहिले त्यांच्या हाती फक्त भीती राहिली.

वास्तविक मुंबईत संगणक फार जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तंत्रज्ञांनी स्वतः बनविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीच चालू झाला होता. पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. अमेरिकेने आपल्याला हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा आपल्या लोकांनी तो येथेच उभा केला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु ज्या गिरणगावातून भोंगे ऐकू येत होते तेथल्या चाळीत या यंत्राची वार्तासुद्धा पोचली नव्हती. यंत्र आपल्या शहरात होते, आपल्या घरात नव्हते. आमचे सारे म्हणणे या एका अंतराबद्दल आहे.

मोबाईल आहे, मग संगणक कशाला?

ताईंच्या यजमानांचा प्रश्न चुकीचा नाही. आजच्या साध्या मोबाईलची ताकद त्या 'टिफ्रॅक'पेक्षा कितीतरी पट अधिक आहे. यंत्र म्हणून मोबाईल हाही संगणकच. मग फरक कोठे आहे?

फरक बसण्याच्या जागेत आहे. मोबाईल हातात घेतला की आपण प्रेक्षकाच्या खुर्चीत बसतो. अंगठा वर सरकवायचा आणि येईल ते बघायचे. एक संपले की दुसरे आपोआप येते. पुढचे काय दाखवायचे ते कंपनी ठरवते, कारण आपण जितका वेळ बघू तितक्या जाहिराती खपतात. संगणकापुढे बसले की पडदा आधी कोरा असतो. तेथे काहीतरी आपण करावे लागते. अर्ज लिहा, हिशेब मांडा, नकाशा काढा, कार्यक्रम लिहा. मोबाईलवर हे अजिबात होत नाही असे नाही. पण दोन पानांचा अर्ज मोबाईलवर लिहून पाहा, शंभर ओळींचा हिशेब मांडून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. आणि नोकरीच्या जागी, मग ती बँक असो, दवाखाना असो की गोदाम, जे यंत्र पुढ्यात येते ते कीबोर्डवाले असते.

सरकारी पाहणीचे आकडे बोलके आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील शंभर घरांपैकी सुमारे २४ घरांत इंटरनेटची सोय होती. पण संगणक होता फक्त ११ घरांत. खेड्यात तर शंभरात चार-साडेचार घरांत! त्यानंतर मोबाईलमुळे इंटरनेट झपाट्याने पसरले. पण संगणक ही अजूनही 'साहेबाच्या पोराची' वस्तू समजली जाते. आमचे भांडण या समजुतीशी आहे.

आणखी एक समजूत अशी की, संगणक हे पोरांचे काम, पोरींचे नव्हे. वाचकहो, इतिहास याच्या उलट आहे. १९४६ साली अमेरिकेत 'एनिॲक' हा संगणक जगापुढे आला. त्याचे वजन सुमारे तीस टन आणि त्यात अठरा हजारांच्या आसपास निर्वात नळ्या. त्या अवाढव्य यंत्राला कामाला लावणारे पहिले कार्यक्रम ज्या सहा जणांनी आखले, त्या सहाही स्त्रिया होत्या! यंत्र दाखविण्याच्या समारंभात त्यांचे कौतुक झाले नाही. त्यांची दखल जगाने कित्येक वर्षांनी घेतली. आपल्या मुलीला 'तुला काय करायचाय कम्प्युटर' असे म्हणण्याआधी या सहा जणींची आठवण ठेवावी.

जुने यंत्र, नवे काम

"पण दादा, पैसे?" हा ताईंचा पुढचा प्रश्न. खरा प्रश्न हाच आहे.

आमचे स्पष्ट मत असे की, पहिला संगणक नवा कोरा घेण्याची गरज नाही. मोठमोठ्या कचेऱ्या चार-पाच वर्षे वापरलेली यंत्रे काढून टाकतात. ती मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा शहरोशहरीच्या दुरुस्तीवाल्यांकडे नव्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली आणि पुष्कळ चांगली यंत्रे केवळ त्या कारणाने जुनी ठरली. यंत्र धडधाकट, पण कंपनी म्हणते आता नवे घ्या! अशा यंत्रावर 'लिनक्स' ही प्रणाली घालता येते. फिनलंडच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि तो जगाला खुला केला. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. ती आज फुकट मिळते आणि चोरीचीही नसते. लेखन, हिशेब यांसाठी 'लिबर ऑफिस' हेही फुकट मिळते.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. मेमरी आठ जीबी असावी. फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी. म्हातारे यंत्रही पळू लागते. लॅपटॉप असेल तर बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच अर्धा तास चालवून बघावे. आणि दुकानदाराकडून पावती लिहून घ्यावी, तोंडी हमीवर विश्वास ठेवू नये. इंटरनेटसाठी वेगळे कनेक्शन लागेलच असेही नाही. घरातल्या मोबाईलचे हॉटस्पॉट चालू केले की तेच इंटरनेट संगणकाला मिळते.

आणि मराठी? तीही येते. 'इनस्क्रिप्ट' हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड प्रत्येक प्रणालीत असतो. पूर्वी एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर उघडले की नुसते किडे-मुंग्या दिसत, कारण प्रत्येक कंपनीची अक्षरे वेगळी. युनिकोडमुळे ती अडचण संपली. पंधरा दिवस रोज अर्धा तास बोटे फिरवली की मराठी टंकलेखन बसते. हे आम्ही पन्नाशीनंतर शिकलो, तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीला अवघड जाऊ नये!

तरीही एका घराला हे झेपले नाही तर पाच घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे. वस्तीतल्या अभ्यासिकेत, विहाराच्या खोलीत ठेवावे. वहीत वेळ लिहावी, आणि संध्याकाळचे दोन तास फक्त मुलींसाठी राखून ठेवावेत. आमच्याकडे हा नियम केला तेव्हा काही पोरांनी तोंडे वाकडी केली. आता तीच पोरे आपल्या बहिणींना वेळेवर आणून सोडतात.

तार कोणाच्या हातात?

आता इंटरनेटविषयी. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. विदेश संचार निगमने ते आणले. टेलिफोनच्या तारेतून मोडेम कर्कश ओरडत असे आणि जोडणी लागे. सर्वसाधारण ग्राहकाला वेग मिळे सेकंदाला ९.६ किलोबिट. आज मोबाईलने काढलेला तीन मेगाबाईटचा एक फोटो त्या वेगाने आणायला चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागला असता! शिवाय जोडणीसाठी काही हजार रुपये आधी भरावे लागत आणि घरी टेलिफोन असावा लागे तो वेगळाच. चाळीत टेलिफोन वाण्याच्या दुकानात, तेव्हा आम्ही हे सारे नुसते वर्तमानपत्रात वाचत होतो.

पण त्याआधी दोन वर्षे एक मोठी गोष्ट घडून गेली होती. ज्या 'वेब'मुळे आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, ती टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडच्या सर्न या संशोधन संस्थेत तयार केली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की, ही पद्धत कोणीही, एक पैसा न देता, वापरू शकेल. विहीर खोदणाऱ्यांनीच पाणी सर्वांना खुले केले! कोणा एका कंपनीने त्यावर कुलूप घातले असते तर आज जग वेगळे दिसले असते.

कुलूप घालण्याचे प्रयत्न पुढेही झाले. फेसबुकने २०१५ साली 'फ्री बेसिक्स' नावाने फुकट इंटरनेट देऊ केले. ऐकायला गोड. पण त्यात ठरावीक पाने तेवढी फुकट आणि बाकीच्याला पैसे. गरिबाला इंटरनेटचा एक तुकडा आणि पैसेवाल्याला पूर्ण इंटरनेट असा तो प्रकार होता. देशभरातून विरोध झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने असा भेदभावाचा दर लावण्यास बंदी केली. आम्हाला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. फुकट मिळते म्हणून वेगळी पंगत स्वीकारायची नसते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पुढे डेटा स्वस्त झाला आणि घरोघरी मोबाईल आला. तरी तार कोणाच्या हातात आहे हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांत हा आकडा ३३. एकाच घरात, एकाच छपराखाली हा फरक आहे! मोबाईल बापाच्या खिशात, भावाच्या हातात आणि मुलीला 'काम झालं की दे' एवढाच.

केरळात कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्कात येतो, आणि तिला परत घेण्याचा आदेश दिला. प्रत्येक आईबापाने हा निकाल लक्षात ठेवावा.

शेजारच्या ताईंच्या मुलीचेच पाहा. ती अकरावीत असताना शिष्यवृत्तीचा ऑनलाईन अर्ज भरायला नाक्यावरच्या एका दुकानात गेली. दुकानदाराने घाईत तिच्या अर्जात स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला. अर्जात त्रुटी निघाली, तसा संदेश आला, तो त्याच्या मोबाईलवर. त्याच्याकडे असे शेकडो संदेश! दुरुस्तीची मुदत निघून गेली आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली. ताईंनी तीन महिने एका घरचे काम जास्त धरून फी भरली. दुकानदार वाईट माणूस नव्हता. पण आपल्या हक्काची चावी दुसऱ्याच्या खिशात असली की असेच होते. म्हणून ती पोरगी मोबाईल नको, संगणक हवा म्हणत होती. तिला स्वतःचा अर्ज स्वतः भरायचा होता.

विज्ञानाची बातमी कशी वाचावी?

आमचे तिसरे वेड विज्ञानवार्तांचे. यात आम्ही स्वतः फसलो आहोत, म्हणून अनुभवाचे बोल सांगतो.

ज्या वर्षी इंटरनेट आले त्याच वर्षी, २१ सप्टेंबर १९९५ रोजी, गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी एका दिवसात देशभर पसरली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते, मोबाईल जवळजवळ कोणाकडे नव्हता. अफवेला इंटरनेट लागत नाही, ऐकणारा उतावीळ असला म्हणजे पुरते! शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखविले की चमच्यातले दूध पृष्ठताणाने ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळते. चमचा आणि ओला दगड घेऊन ही गोष्ट घरी कोणीही करून पाहू शकतो.

पण अफवा नेहमीच हसण्यावारी जात नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी फिरत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. अशा अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसे गेली ती गेलीच. पुढे पाठविण्याचे बटण दाबणाऱ्या अंगठ्यावर केवढी जबाबदारी आहे!

खरे विज्ञान कसे बोलते ते पाहा. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतील 'ऑपेरा' प्रयोगाच्या शास्त्रज्ञांना असे आढळले की, सर्नपासून सुमारे ७३० किलोमीटर आलेले न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा एका सेकंदाचे सहा कोटी भाग केले तर अशा तीन-चार भागांइतके लवकर पोचले. आईन्स्टाईन चुकला अशा बातम्या छापून आल्या. आम्हीही वस्तीत तसेच सांगत फिरलो! पण त्या शास्त्रज्ञांनी स्वतः म्हटले होते की, आमची मोजणी तपासा. काही महिन्यांत कळले की प्रकाशतंतूची एक वायर नीट बसलेली नव्हती. जन्मभर सैल वायरी शोधणारे आम्ही, पण ही काही आमच्या ध्यानात आली नाही. चूक कोणी काढली? ज्यांनी केली त्यांनीच, आणि ती जगाला सांगितली. ही विज्ञानाची थोरवी आहे.

आणि चांगली वार्ता दूर देशातूनच येते असेही नाही. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तबकडी भरीव न करता बारीक तारेच्या जाळीची केली, त्यामुळे खर्चात मोठी बचत झाली. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वध्वनीचे पुरावे जगातील काही गटांनी एकाच वेळी जाहीर केले, त्यांत या दुर्बिणीची निरीक्षणे होती. जुन्नर तालुक्यातली ही बातमी किती जणांच्या मोबाईलवर आली?

म्हणून आम्ही मुलांना तीन प्रश्न पाठ करून घेतले आहेत. हे कोणी सांगितले? दुसऱ्या कोणी तपासले का? आणि हे खरे मानल्याने कोणाचा फायदा? ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट-जीपीटी आले आणि आता यंत्रच उत्तरे लिहून देऊ लागले आहे. आम्ही ते वापरतो, कामाचेही आहे. पण ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते. त्यालाही तेच तीन प्रश्न विचारावेत!

शेवटी काय झाले?

त्या रात्री आम्ही ताईंना एवढेच म्हणालो, "ताई, मोबाईल घेतला तर घरात आणखी एक गिऱ्हाईक वाढेल. संगणक घेतला तर घरात एक कारागीर तयार होईल. पैसे तुमचे, ठरवा तुम्ही."

ताईंनी दुकानदाराचा हप्ता नाकारला. रविवारी आम्ही, ताई आणि पोरगी असे तिघे जाऊन एक जुना लॅपटॉप घेऊन आलो. एका कोपऱ्याला तडा गेलेला आहे, पण चालतो. लिनक्स पोरीने स्वतः घातली, आम्ही नुसते शेजारी बसलो. कॉलेजात प्रवेश झाल्यावर शिष्यवृत्तीचा अर्जही तिनेच भरला. मोबाईल नंबर टाकायची जागा आली तेव्हा थांबली, आईकडे बघितले आणि आईचा नंबर टाकला.

थोड्या वेळाने ताईंच्या मोबाईलवर अर्ज पोचल्याचा संदेश आला. ताईंनी तो लेकीकडून दोनदा वाचून घेतला. मग आम्हाला म्हणाल्या, "दादा, मला पण ती अक्षरं दाबायला शिकवाल का?"

आम्ही म्हणालो, "आम्ही कशाला? घरात मास्तरीण आहे की!"